माळावरची बालवाडी: लहान मुलांसोबत निसर्ग न्याहाळताना



गेल्या अंकात वाडीवरच्या बालवाडीचा खर्च छापला होता. त्यात 'सुतळी, तेलखडू, कोरे कागद' अशी एक ओळ होती. ती वाचून डोंबिवलीच्या एका भगिनींनी विचारले, की पाट्या-पेन्सिली समजतात, पण बालवाडीला सुतळी कशाला? त्याच सुमारास ठाण्याच्या एका मंडळीतल्या शब्बाथशाळेच्या शिक्षिकेने कळवले, की आमच्या मुलांनाही बाहेर न्यायचे आहे, पण नेऊन करायचे काय ते सांगा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्यामुळे या वेळी त्याविषयीच लिहिते.

आमची बालवाडी टिटवाळ्याच्या पलीकडे एका कातकरी वाडीत भरते. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. आता कात राहिला नाही आणि जंगलही फारसे राहिले नाही. दिवाळी झाली की बहुतेक घरे वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे मुले आमच्या हाती येतात ती जून ते दिवाळी, जेमतेम पाच महिने. सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित धरल्या आहेत, त्यांतली ही एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

पहिल्या वर्षी मी कल्याणहून रंगीत तक्ते विकत घेतले. फळे, भाज्या, पक्षी, जंगली प्राणी. एकेका मुलाला पुढे बोलवायचे, चित्रावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हे काय?" सफरचंद, ढोबळी मिरची, शहामृग. पाच वर्षांचा एक मुलगा रोज यायचा आणि रोज स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभा राहायचा. महिन्याच्या अहवालात मी त्याच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असे लिहिले. तो कागद अजून फायलीत आहे.

पुढे एकदा दुपारी पावसाने उघडीप दिली म्हणून आमच्या बालवाडीच्या ताई, ज्या त्याच वाडीतल्या आहेत, मुलांना ओहोळाकडे घेऊन गेल्या. मी मागून चालत होते. तो मुलगा काठावरची बिळे बघत पुढे चालला होता आणि बोलत होता. मला त्याची बोली निम्मीच कळायची, म्हणून ताईंना विचारले. तो सांगत होता, या बिळात खेकडा आहे, तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या पडल्या आहेत. त्या पलीकडच्यात नाही, कारण तोंडावर कोळ्याचे जाळे आहे. कोणी आत-बाहेर केले असते तर जाळे राहिले नसते.

हा मुलगा दोन बिळांची तुलना करत होता, खुणेवरून अनुमान काढत होता आणि त्याचे कारणही देत होता. कॉलेजात विज्ञान शिकणाऱ्यांकडून आपण हीच अपेक्षा करतो. मी मात्र त्याला शहामृग विचारत होते.

धर्मशिक्षणाची पदविका घेताना उत्पत्तीचा दुसरा अध्याय आम्ही कितीदा वाचला असेल. तिथे पशुपक्षी आधी आदामासमोर आणले जातात, नावे मागाहून पडतात. हा क्रम माझ्या लक्षात यायला टिटवाळ्याचा ओहोळ लागला.

खरे तर हे सगळे आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी होऊन गेले होते, मलाच ते नीट माहीत नव्हते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. गावातल्या गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली आली आणि हाच शब्द तिने देशभर नेला. १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. कोसबाडला वारली मुले दिवसभर गुरे राखायची. त्यांना शाळेत आणण्याचा हट्ट धरण्याऐवजी शिक्षकच कुरणात गेले. तिला नाव पडले कुरणशाळा.

मॉन्टेसरीबाईंची पद्धत ताराबाईंना चांगली अवगत होती. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी हेच काम केले होते. पण त्या पद्धतीची लाकडी साधने महाग. कोसबाडला त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आणि माती आली. मला यात काटकसरीहून मोठी गोष्ट दिसते. वारली मुलाच्या हातात चिंचोका दिला, की त्याला तो कशाचा, कुठल्या झाडाचा, भाजून कसा लागतो हे सगळे आधीच ठाऊक असते. शिकणे तिथून पुढे सुरू होते. रंगवलेला लाकडी ठोकळा दिला तर आधी तो काय आहे हेच शिकण्यात आठवडा जातो.

आता सुतळीकडे येते.

हातभर लांबीच्या चार बाजू होतील एवढी सुतळी घ्यायची, टोकांना गाठ मारायची आणि जमिनीवर चौकोन करून ठेवायची. दोन मुलांना एक चौकोन. त्या चौकोनात काय काय आहे ते बघायचे, बस. पहिली दोन मिनिटे मुले म्हणतात, गवत आहे, माती आहे, काही नाही. मोठ्या माणसाने इथे गप्प बसायचे असते आणि हे भलतेच कठीण काम आहे. मी तर तोंडावर पदर धरून बसते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कोणाला तरी मुंगी दिसते, मग ती कुठे जाते ते बघताना गोगलगाईचे रिकामे शंख दिसतात, मग गवताच्या पात्याखाली चिकटलेली अंडी. मोकळ्या माळावर सोडलेले मूल धावते. त्यात गैर काही नाही, पण धावताना दिसत काही नाही. सुतळीने नजरेला काठ मिळतो. शिवाय चार वर्षांच्या मुलाची उंची जमिनीच्या जवळची. आपल्याला जे वाकून बघावे लागते ते त्याच्या नाकासमोरच असते.

'हे काय आहे?' हा प्रश्न मी आता शक्यतो विचारत नाही. त्याचे उत्तर येते किंवा येत नाही, दोन्ही प्रकारे बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी विचारते, "काय करतंय?", "कुठे चाललंय?", "काल असंच होतं का?" याचे उत्तर प्रत्येकाकडे असते, कारण ते बघून द्यायचे असते. नावे येतात, पण मुलांकडून येतात, त्यांच्या बोलीत. पुस्तकातले मराठी नाव मी नंतर शेजारी ठेवते. एकाच झाडाला वाडीत एक, गावात दुसरे आणि पुस्तकात तिसरे नाव असते हे मुलांना मजेचे वाटते.

दर आठवड्याला त्याच झाडापाशी जायचे, हाही आमचा नियम आहे. आम्ही ओहोळाकडचा एक साग धरला आहे. जूनमध्ये त्याचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लालभडक होतो. मुले ते गालाला फासतात, आया रागावतात. पुढे पानांना अळी लागते आणि पान नुसते जाळीसारखे उरते. ती जाळी कागदाखाली ठेवून वर तेलखडू आडवा फिरवला, की शिरा जशाच्या तशा उमटतात. एका मुलीने जूनचे पान आणि ऑगस्टचे पान एकाच कागदावर उमटवून घेतले आणि मधली जागा अळीसाठी मोकळी ठेवली. अळी तिला तोवर दिसली नव्हती, ती दिसेपर्यंत जागा तशीच राहिली.

महिन्यांनुसार विषय आपोआप बदलतात. मृगाच्या सरीनंतर मखमली लाल किडे येतात, पण ते थोडेच दिवस टिकतात, त्यामुळे तेव्हा घरात बसून चालत नाही. मग हात लावला की गोल गुंडाळी होऊन बसणारा पैसा किडा. पाच मिनिटे हात न लावता थांबलो तर तो उलगडतो का, आणि उलगडताना डोके आधी बाहेर काढतो की शेपूट, याची पैज लागते. श्रावण-भाद्रपदात तेरडा. त्याची पिकलेली शेंग चिमटीत धरली की फटकन फुटते आणि आतल्या बिया उडतात. बी किती लांब गेले ते पावलांनी मोजायचे. दसऱ्याच्या आसपास कुसळे कपड्यांत टोचू लागतात. त्यातले एक उपटून तळहातावर ठेवावे आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. कोरडेपणी पीळ पडलेले ते शेपूट ओले झाले की स्वतःभोवती फिरू लागते. गवताचे बी अशा पिळानेच जमिनीत शिरते. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे वय बेचाळीस होते. मुलांना ते आधीच माहीत होते, थुंकी लावून.

हे सगळे वाचायला गोड वाटते, म्हणून दुसरी बाजूही सांगते.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन-चार आया बालवाडीत आल्या. त्यांतली एक माझ्याशी स्पष्ट बोलली. "ताई, खेकडा आम्हीच धरतो. पान आम्हीच खुडतो. ते शिकवायला तुम्ही कल्याणहून कशाला येता? पोरीला लिहायला शिकवा. भट्टीवर उचल किती फिटली ते मालक वहीत लिहितो. तो सांगेल ते खरं. आम्ही अंगठा लावतो."

माझ्याकडे उत्तर नव्हते. बालशिक्षणाची पुस्तके सांगतात, की लवकर अक्षरांचा भार टाकू नका. ते बरोबरच आहे. पण ज्या घराची सहा महिन्यांची मजुरी एका न वाचता येणाऱ्या वहीत अडकलेली असते, त्या घराला 'मुलाला निसर्गात रमू द्या' हे सांगणे मला तेव्हा लाजिरवाणे वाटले. आजही वाटते. शहरातल्या मुलाला माळावर नेणे हा बदल असतो. या मुलांच्या बाबतीत मात्र, आपण त्यांना आहे तिथेच ठेवतो आहोत अशी शंका त्यांच्या आईला येणे साहजिक आहे.

त्या दिवसापासून आम्ही दिवस दोन भागांत वाटला. सकाळी चाळीस मिनिटे बाहेर. परत आल्यावर प्रत्येकाने पाहिलेल्यातली एक गोष्ट कागदावर काढायची आणि तिच्याविषयी एक वाक्य बोलायचे. ताई ते वाक्य मुलाच्याच बोलीत चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहितात आणि बोट फिरवत वाचून दाखवतात. दुसऱ्या दिवशी मूल स्वतःचे वाक्य 'वाचते'. सुरुवातीला ते पाठच असते. पण दहा-पंधरा कागद झाले की तोच शब्द दोन ठिकाणी दिसतो आणि कोणीतरी ओरडते, की हे कालचेच आहे. आमचे पहिले वाचनपुस्तक हेच. मोजणीही बाहेरून आणलेल्या बियांनीच होते. दहा-दहाचे ढीग करायचे, मग ढीग मोजायचे. उचल आणि फेड यांचा हिशेब आम्ही चिंचोक्यांवर खेळतो, अगदी लहान मुलांबरोबरसुद्धा. हा खेळ बघायला आया दारात उभ्या राहतात. एक-दोघी आत येऊन बसतात.

दिवाळीपर्यंत साधारण निम्म्या मुलांना स्वतःचे नाव ओळखता येऊ लागले. याहून जास्त सांगणे खोटे होईल. ज्या बाई बोलल्या होत्या त्यांनी पुढच्या वर्षी मुलीला आश्रमशाळेत पहिलीला घातले. बालवाडीविषयी त्यांचे मत बदलले की नाही ते मी विचारले नाही.

आता शहरातल्या शिक्षिकांसाठी थोडे. येऊरला किंवा खाडीवर रोहित पक्षी बघायला सहल न्यावीच असे नाही. ठाणे खाडीचा अभयारण्याचा भाग २०२२ पासून रामसर यादीत आहे आणि हिवाळ्यात तिथे हजारो रोहित येतात, हे खरे आहे. पण चार वर्षांच्या मुलाला लांबचा गुलाबी पट्टा दिसतो आणि बसमध्ये दोन तास जातात. चर्चच्या आवारात मुंग्यांच्या रांगेजवळ साखरेचा दाणा, भाताचे शीत आणि मिठाचा खडा ठेवून बघा. गच्चीत बाटली उभी करून नऊ वाजता आणि बारा वाजता तिच्या सावलीभोवती खडूने रेघ काढा. डोळे मिटून एक मिनिट बसा आणि आवाज आला की एकेक बोट दुमडा. डोंबिवलीत पहिल्या पाच बोटांत रिक्षा आणि लोकल येणारच, पण सहावे बोट दयाळाचे असू शकते. जून-जुलैत कावळ्याच्या मागे चोच वासून फिरणारे एखादे पिल्लू दिसले, तर नीट बघा, ते कोकिळेचेही असू शकते.

आणि एक खास सुचवणे आहे. पावसाच्या सुरुवातीला कल्याण आणि डोंबिवली स्टेशनाबाहेर शहापूर, मुरबाडकडच्या आदिवासी बाया शेवळे, कंटोळी, फोडशी घेऊन बसतात. चार-पाच मुलांना घेऊन अशा एका टोपलीसमोर उभे राहा. मुलांनाच विचारू द्या, की मावशी, शेवळांबरोबर ही आंबट काकडे का देता? शेवळ घशाला खाजते आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते, हे त्या चांगले समजावून सांगतील. पण नुसते विचारून परत फिरू नका. दोन जुड्या विकत घ्या, आणि भाव करू नका. तिचा गाडीचा वेळ ठरलेला असतो.

सावधगिरीचे चार शब्द राहिले. एका मोठ्या माणसामागे सहा-सातहून अधिक मुले नकोत. बिळात, दगडाच्या फटीत, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही, हे पहिल्याच दिवशी खेळासारखे पाठ करून घ्यावे. दगड उचलायचा तर मोठ्यानेच, काठीने, पलीकडची कड आपल्याकडे वळवत, म्हणजे खाली काही असले तर ते आपल्यापासून दूर निघते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. दंश झालाच तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मुलाला हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. शहरी मुलांनी कोणतेही बी तोंडात घालू नये. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा होते. पायाला जखम असलेल्या मुलाला साचलेल्या पाण्यात उतरवू नये, लेप्टोचा धोका असतो. वाडीतल्या मुलांना यातले बरेच काही मला सांगावे लागत नाही. तीच मला सांगतात कुठे पाय ठेवू नको.

बेचकीविषयी एका वाचकांनी काळजीने विचारले होते. होय, मोठ्या मुलांकडे बेचक्या असतात आणि ती पक्षी मारतात. घरी कालवणाला तेवढेच असते. मी त्यावर प्रवचन देत नाही. बाहेर जाताना बेचकी ताईंच्या दारातल्या खुंटीला अडकवायची, परत आल्यावर घ्यायची, एवढाच करार आहे. झाडात दडलेला पक्षी सगळ्यांत आधी बेचकीवाल्यांनाच दिसतो, म्हणून त्यांना मी पुढे चालवते.

मुलांच्या वाक्यांचे कागद ताईंच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. पेटीत ठेवले होते ते वाळवीने खाल्ले. या वर्षी कोणी देणगी वस्तुरूपात देणार असेल तर झाकणाचे डबे, तेलखडू आणि एका बाजूने कोरे कागद हवे आहेत. मात्र ते जूनच्या आधी पोहोचावेत. दिवाळीनंतर वाडीत मुले नसतात.